‘तुंबाड’: एकवीस वर्षांची वाट

सातारकर श्रोतेहो, ‘तुंबाड’मधल्या भयाविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे, मला आज त्याला लागलेल्या विलंबाविषयी बोलायचे आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी पहिला खर्डा १९९७ मध्ये लिहिला आणि चित्रपट पडद्यावर आला तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. मुळाशी होती मित्राकडून ऐकलेली नारायण धारपांची एक भयकथा. नाव आले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, आणि राही हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव. एवढे सगळे मराठी मातीतले असून चित्रपट मात्र हिंदीत झाला, याची चुटपुट मला आजही आहे.

पहिली कित्येक वर्षे निर्मात्यांचे उंबरे झिजवण्यात गेली. सुमारे सातशे पानांचा स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्रमय आराखडा, तयार असूनही निर्माते येत आणि हात काढून घेत. अखेर सोहम शाह निर्माते आणि नायक अशा दोन्ही नात्यांनी उभे राहिले आणि २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू झाले.

कथेतल्या तुंबाडचा पाऊस थांबतच नाही, आणि तो खराच हवा असा आग्रह होता. टँकरचा पाऊस कॅमेऱ्यापुढच्या पट्ट्यात पडतो. मागचा डोंगर कोरडाच राहतो, आणि ढगांआडचा तो करडा, सावली न पाडणारा उजेड काही टँकरमधून येत नाही. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरही आहे आणि कोरडे माण-खटावही, त्यामुळे पावसाने उजेड कसा बदलतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पावसाळा सरला की बाहेरची दृश्ये पुढच्या जूनवर जात.

तरीही या हकिकतीतला सर्वांत अवघड प्रसंग मला संकलनाच्या खोलीतला वाटतो. जुळवलेला चित्रपट पाहिल्यावर, आपल्याला जे हवे होते तिथवर तो पोहोचलेला नाही, असे बर्वे आणि शाह यांना वाटले. पैसा खर्ची पडला होता, वर्षे गेली होती. अशा वेळी ‘चालून जाईल’ म्हणण्याचा मोह किती मोठा असेल! त्यांनी पटकथा पुन्हा हाती घेतली आणि नव्याने चित्रीकरण केले, ते मे २०१५ मध्ये पूर्ण झाले. ज्याचा पैसा अडकला होता तोच पुन्हा खर्चाला तयार झाला, असे आपल्याकडे मी क्वचितच पाहिले आहे. सहदिग्दर्शक आदेश प्रसाद आणि सर्जनशील दिग्दर्शक आनंद गांधी यांचाही या कामात मोठा वाटा आहे, म्हणून एकट्या माणसाच्या ध्यासाची कथा म्हणून हे सारे रंगवणे मला अन्यायाचे वाटते.

२०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ ‘तुंबाड’ने झाला. पुढे फिल्मफेअरचे तीन पुरस्कार मिळाले ते पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाला, कलादिग्दर्शनाला आणि ध्वनिआरेखनाला. तो पाऊस खरा भासवण्याचा भार ज्यांच्यावर होता, तेच हे तीन विभाग. चित्रपटगृहांत पहिल्या खेपेला गर्दी बेताचीच झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा मात्र प्रेक्षकांनी त्याला पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवून दिले.