वेलीमागे पाऊण बाटली

[दृश्य: फेब्रुवारीची सकाळ. गोट्यांनी झाकलेलं रान, त्यात काळपट, वाकडी खोडं. फक्त वाऱ्याचा आवाज.]

ही खोडं वठलेली वाटतात, पण आत जीव आहे. थंडीची झोप चालू आहे, एवढंच.

दक्षिण फ्रान्समध्ये, आव्हिन्यों शहराच्या उत्तरेला, रोन नदीच्या डाव्या काठाला शातोनफ-द्यु-पाप नावाचं गाव आहे. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्योंमध्ये राहत होते, तेव्हा इथे त्यांचा उन्हाळी किल्ला उभा राहिला. गावाच्या नावातला ‘पाप’ म्हणजे पोप. आपण मात्र किल्ला बघायला आलेलो नाही. आलोय ते वाईनच्या या द्राक्षवेलींसाठी. गुडघ्याएवढं खोड, त्यावर चार-पाच आखूड ओलांडे, म्हणजे कायमच्या जाड फांद्या. तार नाही, मांडव नाही. या वळणाला इथे गोब्ले म्हणतात, म्हणजे पेला. द्राक्षाचं वाण ग्रनाश. काही तुकड्यांतल्या वेलींनी शंभरी ओलांडली आहे.

[दृश्य: कात्री जवळून. एक काडी कापली जाते.]

छाटणीचा नियम ऐकायला सोपा आहे. प्रत्येक ओलांड्यावर एकच काडी ठेवायची, तिच्यावर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा. चुका होतात त्या कापण्याच्या जागेवर. काडी अगदी ओलांड्याला लागून कापली, तर जखमेखालचं लाकूड आत शंकूच्या आकारात वाळत जातं आणि रसाची वाट अडते. म्हणून बोटाच्या पेराएवढा खुंटारा ठेवतात. दुसरी चूक म्हणजे जुना जाड ओलांडा करवतीने उडवणं. एवढ्या मोठ्या जखमेतून एस्का नावाच्या खोडरोगाच्या बुरश्या आत शिरतात. वर्षानुवर्षं बाहेर काही दिसत नाही. मग एखाद्या कडक जुलैत पानांवर वाघासारखे पट्टे उमटतात, आणि कधी कधी हिरवीगार वेल आठवड्याभरात उभी वाळते. जाणकार छाटणारा कात्री उघडण्याआधी वेलीला एक फेरी मारतो. मागच्या जखमा कुठल्या बाजूला आहेत ते बघतो, नवी जखमही त्याच बाजूला करतो, म्हणजे दुसऱ्या बाजूने रस अखंड चढत राहतो.

आपल्याकडे नाशिक-सांगलीत वेलीला वर्षात दोनदा कात्री लागते: एप्रिलची खरड छाटणी वाढीसाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. वेलीला झोप म्हणून मिळत नाही, आणि पंधरा वर्षांच्या आसपास बाग थकली म्हणून काढायची बोलणी सुरू होतात. इथे वर्षाला एकच छाटणी आणि चार महिन्यांची थंडी. म्हातारपण परवडायचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण उत्पन्नाच्या हिशेबात आहे.

[दृश्य: रिकामा क्रेट, त्यात चार-पाच लहान घड.]

शातोनफच्या नियमाने हेक्टरी 35 हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे साडेतीन हजार लिटर वाईन काढता येते. फ्रान्समधल्या कडक मर्यादांपैकी ही एक. म्हाताऱ्या तुकड्यांत तेवढंही हाती येत नाही, पंधरा ते वीस हेक्टोलिटरवर गाडी थांबते. वेली पावणेदोन मीटरवर लावलेल्या असतील तर हेक्टरात सुमारे 3,250 बसतात. भागाकार करा. वेलीमागे साधारण अर्धा ते सहा दशांश लिटर, म्हणजे पाऊण लिटरची बाटली धरली तर पाऊण बाटलीच्या आत-बाहेर. द्राक्षांच्या भाषेत एकरी एक टन, फार तर थोडं वर. टेबल द्राक्षाच्या बागायतदाराने हा आकडा ऐकला, तर तो दुसऱ्या दिवशी बाग उपटेल. इथल्याही कित्येकांनी उपटल्या.

मग जुनी वेल ठेवायची कशासाठी? मुळं खोल जातात, हे उत्तर सगळे देतात. ते खरं आहे, पण अपुरं. जाड खोडात आणि जुन्या मुळांत पिष्टाचा साठा असतो. अवर्षणाच्या वर्षी तरुण वेल पानं गाळते आणि मणी पिकवणं थांबवते, तेव्हा म्हातारी या साठ्यावर हळूहळू पुढे जाते. तिचा वाढीचा जोर ओसरलेला असतो, म्हणून घड कमी, मणी लहान, आणि गराच्या मानाने साल जास्त. चव आणि रंग सालीत असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जे तुकडे आज शंभर वर्षांचे आहेत, ते मुळातच उत्तम जागी होते. वाईट जागेवरच्या, वाईट रोपांच्या बागा केव्हाच निघाल्या. त्यामुळे जुन्या वेलीची वाईन चांगली लागते तेव्हा त्यात वयाचा वाटा किती आणि जागेचा किती, हे वेगळं काढता येत नाही. आमच्या मते जागेचा वाटा लोक समजतात त्याहून मोठा आहे.

[दृश्य: बाटलीच्या लेबलावरची अक्षरं.]

लेबलावर ‘व्येय वीन्य’ म्हणजे ‘जुन्या वेली’ असं छापलेलं असतं. फ्रेंच कायद्यात या शब्दांना वयाची अट नाही. तीस वर्षांच्या बागेवरही ते छापता येतात, नव्वदच्याही. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाईन संघटनेने 2024 मध्ये एक व्याख्या ठरवली: वेल 35 वर्षांची असली तर जुनी, आणि बागेतल्या किमान 85 टक्के वेली तशा असल्या तर बाग जुनी. ही शिफारस आहे, सक्ती नाही. बाटली घेताना लावणीचं साल विचारा. चांगला उत्पादक ते सांगतो.

[दृश्य: हातात गोल, तांबूस गोटा.]

हे गोटे रोन नदीने आल्प्सकडून आणलेले. दिवसा तापतात, रात्री ऊब देतात, अशी त्यांची ख्याती. पण ग्रनाशला इथे उष्णता कमी पडतच नाही. गोट्यांचा मोठा उपयोग म्हणजे त्यांच्याखालच्या तांबड्या चिकणमातीतली ओल उन्हाने उडत नाही. आणि सगळ्या शातोनफमध्ये गोटे आहेत असंही नाही. शातो राया या इथल्या उत्पादकाचा ग्रनाश प्रामुख्याने वाळूत उभा आहे, आणि त्याची वाईन या गावच्या सर्वांत नाजूक वाइन्समध्ये गणली जाते.

वाळूचा संबंध एका जुन्या संकटाशीही आहे. 1860 च्या दशकात रोनच्या पलीकडच्या काठावर वेली कारण न कळता मरू लागल्या. 1868 मध्ये मॉन्पेलियेचे वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुळांवर बारीक पिवळी कीड सापडली: फायलोक्सेरा. भुसभुशीत वाळूत तिला फिरता येत नाही. बाकी सगळीकडे एकच उपाय उरला, अमेरिकन खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, युरोपीय वाणाचं कलम. डॉगरीज खुंटावर कलम करणाऱ्या आपल्या बागायतदाराला हे समजावून सांगायला नको, त्याचा खुंटही मूळचा अमेरिकन.

कीड आटोक्यात आली आणि भेसळ सुरू झाली. दुसरीकडची वाईन शातोनफच्या नावाने विकली जाऊ लागली. 1923 मध्ये गावच्या उत्पादकांनी बागायतदार बॅरन प्येर ल र्‍वा यांना पुढे करून स्वतःवरच नियम घालून घेतले. हद्द कोणती? जिथे लॅव्हेंडर आणि थाइम उगवतात, अशी कोरडी जमीन. अल्कोहोल किमान 12.5 टक्के, आणि तोडलेल्या मालातला निदान 5 टक्के वाईट माल बाजूला काढायचा. 1936 मध्ये देशाने उगमनामाचा, म्हणजे जागेच्या नावाने वाईन विकण्याच्या हक्काचा, कायदेशीर दर्जा दिला, त्या पहिल्या काही नावांत शातोनफ होतं.

[दृश्य: सप्टेंबर. वाकलेल्या पाठी, कात्र्या, बादल्या.]

तोडणी हातानेच करायची, हा इथला नियम. फुलोऱ्यात थंड पाऊस आला, तर ग्रनाशची फुलगळ होते आणि घड विरळ भरतो. उत्तरेकडून येणारा मिस्त्राल वारा वसंतात कोवळे फुटवे मोडतो, पण पानं कोरडी ठेवून डाऊनी या बुरशीरोगाला आवरही घालतो. तोडणीची वेळ ठरवणं सगळ्यांत अवघड. लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं. रसात 255 ग्रॅम साखर असेल, तर वाईन पंधरा टक्क्यांची. बी तपकिरी व्हायची, म्हणजे पूर्ण पिकायची, वाट बघत आठवडा थांबलं, की साखर आणखी चढते आणि आंबटपणा उतरतो. आजच्या वाढत्या उन्हाळ्यात हीच मोठी ओढाताण आहे.

[दृश्य: सिमेंटची टाकी, वर सालींचा जाड थर.]

आंबवण 28 ते 30 अंशांवर ठेवतात. तळचा रस काढून सालींवर सोडायचा, सुरुवातीला दिवसातून दोनदा, मग एकदा. साली एकूण तीनेक आठवडे रसात राहतात. ग्रनाशची साल पातळ असते. जास्त ढवळलं तर रंग फारसा वाढत नाही, कडवटपणा मात्र उतरतो. देठ लाकडासारखे तपकिरी झाले असतील तरच थोडे आत ठेवावेत. हिरवा देठ वाईन बिघडवतो.

खरी भीती शेवटच्या टप्प्यात आहे. अल्कोहोल पंधराच्या वर गेलं किंवा टाकी तापली, की यीस्ट दमतं आणि थोडी साखर उरते. त्या उरलेल्या साखरेवर जिवाणू बसले की ॲसेटिक आम्ल तयार होतं आणि टाकीतली वाईन आंबट होऊन बिघडते. ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट बसलं तर तबेल्यासारखा वास येतो. यावर उपाय म्हणजे थंड तळघर, स्वच्छ टाक्या आणि साखर पूर्ण संपली याची मोजून खात्री.

मुरवण बारा ते अठरा महिने, सिमेंटमध्ये किंवा फूद्र म्हणतात त्या मोठ्या जुन्या ओक-पिंपांत. लहान नव्या बॅरलमध्ये हवा जास्त लागते. ग्रनाशला हवा सोसत नाही, तो लवकर तपकिरी पडतो. म्हणून अनेक जण त्यात मूर्वेद्र हे दुसरं वाण थोडं मिसळतात. ते हवेला दाद देत नाही.

[दृश्य: ग्लास. वाईन फिकट, आरपार दिसणारी.]

रंग फिकट दिसला म्हणून नाक मुरडू नका, ग्रनाश असाच असतो. वास रानटी स्ट्रॉबेरीचा, चेरीचा, सुकलेल्या रानझुडपांचा, थोड्या ज्येष्ठमधाचा. प्यायची ती 16 ते 17 अंशांवर. पुण्या-मुंबईच्या खोलीत 30 अंशांवर ओतली, तर नाकाला नुसती दारू लागते. आधी काही वेळ फ्रिजमध्ये ठेवा. सोबत मटण उत्तम, पण कमी तिखट, कारण पंधरा टक्के अल्कोहोल आणि झणझणीत रस्सा एकमेकांची जळजळ वाढवतात.

[दृश्य: पुन्हा रान. दोन जुन्या खोडांमध्ये खड्डा.]

दर वर्षी काही खोडं मरतात. त्या जागी पूर्ण नवी बाग लावायची नाही, मेलेल्या वेलीच्याच जागी रोप लावायचं. शेजारची जुनी मुळं पाणी ओढून घेतात, म्हणून पहिली दोन वर्षं रोपाला हाताने पाणी घालावं लागतं. कलमाची काडी त्याच तुकड्यातल्या निरोगी वेलींची घेतात, एका नव्हे, अनेक वेलींची. रोपाला दांडी लावतात आणि दांडीवर खूण करतात, म्हणजे तोडणीच्या वेळी त्याचे घड वेगळ्या क्रेटमध्ये जातात.

[दृश्य: खूण केलेली दांडी, मागे म्हातारं खोड. वाऱ्याचा आवाज.]