वाढत्या मापाचा बूट

(पुण्यातल्या एका गिर्यारोहण मंडळाच्या मासिक सभेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? खरं तर पुढेच या. इथे खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि आज मला तुमचे चेहरे कमी आणि पाय जास्त बघायचे आहेत.

फळ्यावर विषय लिहिलाय, 'गोंडोला आणि टूरिंग, दोन्हींसाठी एकच स्की बूट'. गोंडोला म्हणजे केबल कारने वर जाऊन स्कीवर उतरणं, टूरिंग म्हणजे स्की लावून आपल्याच पायांनी चढणं आणि मग उतरणं. आपल्यातले अकरा जण जानेवारीत गुलमर्गला चाललेत, आणि गेल्या महिन्याभरात त्यातल्या बहुतेकांचा मला फोन येऊन गेला, "ताई, कुठला बूट घेऊ?" कुठला ते मी सांगणारच आहे. पण आधी केवढा, ते बोलू द्या. केवढा हे चुकलं की कुठला या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही, आणि आपल्याकडे नेमकं तेच चुकतं.

जून महिना आठवा. लक्ष्मी रोडवर गर्दी, बाहेर पाऊस, आपण आईचा हात धरून शाळेचे काळे बूट घ्यायला गेलोय. दुकानदार बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघतो आणि म्हणतो, बरोबर बसलाय. आई म्हणते, "एक नंबर मोठा द्या, वाढतं अंग आहे." मग घरी आल्यावर पुढच्या टोकात कापूस. पाय त्या बुटाएवढा होईपर्यंत बुटाचा तळ गेलेला असायचा. हसताय, म्हणजे तुमच्याही घरी कापूस होता. त्यात आईचं काही चुकत नव्हतं. चार पैसे वाचवायचे होते आणि पाय खरंच वाढत होते. पण चाळिशीतला माणूस, ज्याचा पाय आता वाढायचा नाही, तोही स्की बूट घेताना म्हणतो, "थोडा मोठाच बरा, जाड मोजे घालेन." हे ऐकलं की मला राहवत नाही.

कारण त्या मोठ्या बुटात मी स्वतः चौदा दिवस काढलेत. गुलमर्गचा माझा पहिला कोर्स. बूट भाड्याने देणाऱ्याने खिडकीतून एवढंच विचारलं, "नंबर?" मी म्हटलं सहा, कारण माझे ट्रेकिंगचे बूट सहा नंबरचे. त्याने २६.५ लिहिलेला बूट पुढे सरकवला. मी म्हटलं, भैया, ढिला लगता है. तो म्हणाला, दो मोजे पहनो. पहनले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजा काढला तर दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी, आणि बोटं इतकी गार की चिमटा काढला तरी कळत नव्हतं. मला वाटलं, बूट घट्ट होतोय. म्हणून चौथ्या दिवशी आणखी मोठा मागायला निघाले होते!

आमचे प्रशिक्षक काश्मिरी गृहस्थ, साठीला आलेले. रात्री बुखारीभोवती, म्हणजे तिथल्या शेगडीभोवती, आम्ही मोजे वाळवत बसलो होतो, खोलीभर ओल्या लोकरीचा वास. त्यांनी माझा बूट घेतला, आतला मऊ लायनर खेचून बाहेर काढला, नुसतं प्लॅस्टिकचं शेल माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, अनवाणी पाय घाला, बोटं पुढे टेकवा. मग माझ्या टाचेमागे हात घातला. तीन बोटं गेली, आणि तरी ती हलत होती. म्हणाले, "बेटी, ये बूट नहीं, डोंगा है. इसमें तो झेलम पार हो जाएगी." दुसऱ्या दिवशी स्वतः खिडकीशी उभे राहिले आणि २४.५ चा जुना, ओरखडे पडलेला जोड काढून आणला. मोजा एकच, पातळ. बूट घालताना मी ओरडलेच, इतका घट्ट. आणि अकराच्या सुमाराला उतारावर लक्षात आलं, बोटं गरम आहेत.

हे असं का होतं, ते हातानेच बघा. चपला काढा. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधून जी रेष वर जाते, तिच्यावर बोट ठेवून हळूहळू मागे सरका. पावलाच्या मध्याशी नाडी लागेल. लागली? ही धमनी अगदी कातडीखाली आहे. बूट मोठा असला की पाय आत पुढे-मागे सरकतो. तो सरकू नये म्हणून आपण मधलं बकल करकचून ओढतो, आणि ते दाबतं नेमकं इथेच. बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं, बोटं गारठतात. शिवाय प्रत्येक वळणाला पाऊल पुढे आदळतं, म्हणून नखं काळी. वरून दुसरा मोजा घातला की उरलीसुरली जागाही गेली आणि घाम आत राहिला. म्हणजे गारठाही मोठ्या बुटाचा आणि काळं नखही मोठ्या बुटाचंच, आणि आपण दोष देतो घट्टपणाला.

आता माप. स्की बुटाचं माप म्हणजे तुमच्या पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, त्याला मोंडोपॉइंट म्हणतात. पाऊल २६५ मिलिमीटर तर माप २६.५. सहा, सात, बेचाळीस हे सगळं विसरा. भिंतीला टाच टेकवून, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं राहायचं आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजायचं. बसून मोजू नका, वजन पडलं की पाऊल लांबतं. दोन्ही पायांत फरक असेल तर मोठा पाय धरायचा. माझं पाऊल २४३, म्हणून २४.५. बहुतेक कंपन्यांत २४ आणि २४.५ चं शेल एकच असतं, फरक लायनरमध्ये किंवा आतल्या तळव्यात. त्यामुळे 'अर्धा मोठा घेते' म्हणून फार काही हाती लागत नाही.

मग शेलची परीक्षा. लायनर बाहेर, बोटं पुढे टेकलेली, आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं. मी सुताराकडून ही गोल लाकडी दांडी करून घेतलीय, जाडी १५ मिलिमीटर. ही टाचेमागे नीट बसली की ते शेल तुमचं. तुम्ही चढणार जास्त असाल तर २० मिलिमीटरपर्यंत चालेल, कारण चढताना पाय सुजतात. २५ दिसले की बूट परत द्या, कितीही सवलत असली तरी. दुकानात ही परीक्षा करू देत नसतील तर त्या दुकानातून घेऊ नका. मी हे अगदी मनापासून सांगतेय.

लायनर घालून उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकलीच पाहिजेत. इथेच सगळे घाबरतात. गुडघे वाकवा, नडगी बुटाच्या जिभेवर रेला, की टाच मागे तिच्या वाटीत बसते आणि बोटं जराशी सुटतात. उतारावर आपण असेच उभे असतो. एक तास घालून घरात फिरा. दाब सगळीकडून सारखा असेल तर उत्तम. एकाच ठिकाणी टोचत असेल तर तिथे काम करावं लागेल. आणि नवा लायनर काही दिवसांत दबतो, बूट आपोआप सैल होतो. दुकानात ज्याला 'छान, मोकळा' म्हणालात, तो पंधराव्या दिवशी डोंगा झालेला असतो.

आणखी एक, पुण्याच्या एप्रिलमध्ये बूट घालून बघाल तर पाय उन्हाने सुजलेला आणि प्लॅस्टिक नरम. गुलमर्गला उणे दहाला तेच पॉलियुरेथेनचं शेल कडक होतं. म्हणून तिथे बूट रात्री गाडीत ठेवायचे नाहीत, खोलीत आणायचे. नाहीतर सकाळी पाय आतच जात नाही.

रुंदीचं सांगते, कारण ती आपल्या मंडळींची खरी अडचण आहे. जन्मभर चपला घालून आणि अनवाणी हिंडून आपले चवडे पसरलेले असतात. बुटाच्या फर्म्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहितात, ९८, १००, १०२. हा आकडा सहसा २६.५ मापाचा असतो. २४.५ मध्ये तोच '१००' त्याहून अरुंद भरतो. म्हणून रुंद पायाची माणसं लांबी वाढवून रुंदी मिळवतात. तिथेच पुन्हा वाढत्या मापात अडकलो. लांबी बरोबर घ्या आणि रुंदी शेलमध्ये काढून घ्या. प्लॅस्टिक तापवून बाहेर ढकलता येतं.

माझ्या करंगळीच्या मुळाशी हाड वर आलंय. नवा बूट नेमका तिथे टोचायचा, पण शेलवर ती जागा शोधायची कशी? मी कुंकू ओलं केलं, त्या हाडावर ठिपका लावला आणि लायनर काढलेल्या शेलमध्ये पाय घालून जोर दिला. पाय काढला तर आत लाल टिळा उमटलेला. भोसरीत आमच्या एका ट्रेकर मित्राचा छोटा कारखाना आहे. त्याने गरम हवेची बंदूक त्या टिळ्याभोवती फिरत ठेवली, एका जागी थांबू दिली नाही, मग आतून गोल केलेला पितळी तुकडा शिकंज्याने दाबला आणि रात्रभर तसाच थंड होऊ दिला. सकाळी बाहेरून लिंबाच्या फोडीएवढा फुगवटा, आत जेमतेम चार मिलिमीटर जागा. तेवढ्यात माझं दुखणं संपलं. त्याचा हात प्लॅस्टिकवर बसलेला होता म्हणून हे जमलं. टूरिंगच्या हलक्या बुटांचं ग्रिलामिड किंवा पेबॅक्स हे प्लॅस्टिक वेगळं वागतं, पुन्हा मूळ आकाराकडे ओढ घेतं. ते जाणत्याकडूनच करून घ्या.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. साडेआठला सभागृह सोडायचंय. बरं, मग फळ्यावरचा विषय भरभर.

पहिल्यांदा दिवस मोजा. तुमच्या दहा दिवसांपैकी आठ गोंडोलाने वर जाऊन उतरण्यात जाणार असतील, तर उतरणीसाठी बनलेला पण वॉक मोड (चालताना घोटा मोकळा करणारी कळ) आणि टूरिंग स्कीच्या पिना बसायला भोकं असलेला बूट घ्या, एका पायाला साधारण १.६ ते १.९ किलो. निम्म्याहून जास्त दिवस स्किन (स्की मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला चिकटवायची पट्टी) लावून चढणार असाल तर १.२ ते १.४ किलोकडे सरका. प्रत्येक पावलाला ते वजन उचलायचंय, आणि गुलमर्गच्या अफरवट शिखरावर, जवळपास ४,००० मीटरला, ते जाणवतं. वॉक मोडमध्ये कफ, म्हणजे बुटाचा नडगीभोवतीचा वरचा भाग, पुढे जातो तेवढाच मागेही जातो का, ते चालून बघा. मागे जात नसेल तर लांब पाऊल पडत नाही.

फ्लेक्सचे, म्हणजे बूट किती कडक त्याचे आकडे, १००, ११०, १२०, हे एका कंपनीचे दुसरीशी जुळत नाहीत. त्यावर भांडू नका. उकिडवे बसून बघा, टाच जमिनीवर टेकते का. टेकत असेल तर घोटा मोकळा आहे. टेकत नसेल तर फार कडक आणि पुढे झुकलेला बूट त्रास देईल, टाचेखाली पातळ पाचर लागेल. बायकांनी कफची उंची बघा, आपली पोटरी खाली सुरू होते, उंच कफ तिला कापतो.

तळवे, हे नीट ऐका, सुरक्षिततेचं आहे. जुन्या आल्पाइन, म्हणजे निव्वळ उतरणीच्या बुटाचा तळवा सपाट आणि कडक. ग्रिपवॉक या चालायला सोप्या प्रकाराचा थोडा गोलाकार, रबरी. निव्वळ टूरिंगचा आणखी वेगळा. भाड्याच्या स्कीवर बहुधा आल्पाइन बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड, असतं. त्यात रबरी तळवा आत बसलेला दिसेल, पण पडल्यावर सुटेलच याचा भरवसा नाही, आणि न सुटलेल्या स्कीने गुडघा जातो. बाइंडिंगवर ग्रिपवॉक लिहिलेलं आहे का ते बघा, विचारा. टूरिंगचं पिन बाइंडिंग १९८० च्या दशकात ऑस्ट्रियात फ्रिट्झ बार्थेल यांनी काढलं. त्याला पुढे दोन बाजूंना भोकं आणि मागे खाच असलेलाच बूट लागतो. बुटाच्या बाजूला तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ती, तुमचं वजन, उंची, वय आणि कौशल्य यांवरून बाइंडिंग किती जोराला सुटावं तो आकडा लावतात. तो आकडा मित्राच्या स्कीवरून उचलू नका.

चढताना वरची बकलं उघडी, खालची सैल. उतरताना आधी टाच आपटून मागे बसवायची, मग वरची बकलं, खालची शेवटी आणि हलकी. पट्ट्या नुसत्या बोटाने लागल्या पाहिजेत.

पैसे कमी असतील तर? स्की भाड्याने घ्या, जॅकेट उसनं घ्या, बूट स्वतःचा घ्या. पाच मिनिटं उरलीत आणि प्रश्न मी बाहेर अंगणात घेईन. डाव्या भिंतीला कागद चिकटवलाय, पेन्सिल, पट्टी आणि ही दांडी तिथेच आहे. जानेवारीत जाणाऱ्या अकरा जणांनी मोजे काढून रांग लावा. ज्यांनी बूट आधीच मागवलेत, त्यांनी सोबत आणले असतील तर लायनर आत्ताच काढा.