पाणी उकळलं तरी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्याकडे बाळंतपणाला लेक माहेरी आली, की पहिलं फर्मान सुटतं : पाणी उकळून द्या. आमच्या चुलीवर तर ते निम्मं आटेस्तोवर रटरटत असे. जुलाबावर, काविळीवर उपाय खराच. पण पाण्यात नायट्रेट असेल तर? तो क्षार. पाणी आटतं, क्षार तेवढाच राहतो. निम्मं आटवलंत, की प्रमाण दुप्पट! टीसीएल, म्हणजे विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर, टाकून तो जात नाही, तुरटीने तळाला बसत नाही. ना रंग, ना वास, ना चव.

येतो कुठून? चिऱ्याच्या खाणीत उतरून पाहा. जांभ्याच्या भिंतीत बोट जाईल एवढी भोकं असतात. जूनचा पाऊस त्यातूनच विहिरीला लागतो, आणि वरच्या अंगाच्या गोठ्याचं, गायरीचं म्हणजे शेणखताच्या खड्ड्याचं, संडासाच्या शोषखड्ड्याचं पाणीही. घरोघरी संडास झाले, फार चांगलं झालं. पण भाऊबंदकीत वाटून उरलेल्या दोन गुंठ्यांत खड्डा खणताना विहीर उताराला आहे का, हे किती जणांनी पाहिलं? बागेत हात सैल सोडून टाकलेला युरियाही त्याच वाटेने जातो.

भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा. मोठ्यांना लगेच काही जाणवत नाही. धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, रक्ताला प्राणवायू पुरेसा वाहता येत नाही, ओठ-नखं निळी पडतात. अमेरिकेतल्या आयोवात डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ साली अशा बाळांविषयी लिहिलं. दुधाच्या पावडरीत कालवलेलं पाणी शेतावरच्या विहिरींचं होतं. आईच्या दुधातून हा धोका जवळजवळ नाहीच. पण ओठ निळे दिसले, तर दृष्ट काढत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

तपासणीचं किट बऱ्याच ग्रामपंचायतींत असतं. नळीतलं पाणी गुलाबी होतं, मग तक्त्यावरच्या रंगाशी ताडायचं. आमच्या विहिरीचं उन्हाळ्यात फिकट आलं, सगळे खूश. पावसाच्या पहिल्या सरींनंतर पुन्हा पाहिलं, तर गडद. तेव्हापासून नातवाच्या बाटलीचं पाणी वरच्या वाडीतल्या विहिरीवरून येतं. तेही तपासून घेतलंय, आणि उकळतो अजूनही. फक्त आटवत नाही.