परक्या गावातली पत

(गावातल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण, लेखरूपात आणताना थोडे संपादन केले आहे.)

माननीय अध्यक्ष, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि बंधुभगिनींनो,

परमुलखात गेलेल्या माणसाने तिथे कसे मिसळावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली, ती मी विद्वान आहे म्हणून नव्हे, तर माझ्या आयुष्याची चाळीस वर्षे कोइमतूरमध्ये गलाईच्या भट्टीपुढे गेली म्हणून झाली, याची मला जाणीव आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडचे खटाव-माण या पट्ट्यात असे घर शोधून सापडणार नाही, ज्यातला कोणी ना कोणी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी बाहेर गेलेला नाही. पाऊस बेभरवशाचा आणि रान कोरडवाहू, म्हणून आपली माणसे बाहेर पडली. १९७२ च्या दुष्काळाने तर उरलेसुरले पायही उचलले. मी १९७९ साली, सोळाव्या वर्षी, चुलत्यांचे बोट धरून गेलो. माझ्याजवळ दोन सदरे होते आणि तमिळ भाषेतला एकही शब्द नव्हता.

आपल्या धंद्याची एक गोष्ट या विषयाशी इतकी जोडलेली आहे की ती आधी सांगितलीच पाहिजे. कारागीर मोड आणतो, म्हणजे जुने तुटके दागिने, आणि पाटावर साठलेला कीसही आणतो. आपण ते आटवतो, त्यात चांदी मिसळून तो रस पाण्यात ओततो, म्हणजे त्याचे दाणे होतात, आणि ते दाणे तेजाबात उकळतो. चांदी-तांबे विरघळून जाते आणि तळाशी सोने उरते. पण त्या घटकेला ते सोने सोन्यासारखे मुळीच दिसत नाही. भिजलेल्या विटेच्या भुग्यासारखी तपकिरी पूड दिसते. ती धुऊन, सवागी म्हणजे टाकणखार घालून पुन्हा मुशीत आटवली की मग पिवळा रंग उजळतो. आता विचार करा, ज्याने आपल्या लेकीच्या लग्नाचे सोने तुमच्या हाती दिले, त्याला मधल्या वेळात ती तपकिरी पूड दिसते आणि समोर उभा असतो भाषा न येणारा एक परका पोरगा. नवे गिऱ्हाईक भट्टीशेजारच्या स्टुलावर बसून राही, पापणी लवू देत नसे आणि पाणी प्यायलासुद्धा उठत नसे. तेच गिऱ्हाईक दोन-तीन वर्षांनी कागदात पुडी बांधून माझ्या हातात देई आणि चहाला निघून जाई. स्टुलावरून चहाच्या टपरीपर्यंतचे ते वीस पावलांचे अंतर, त्यालाच मी परक्या गावात मिसळणे म्हणतो. माझ्या मते मिसळणे म्हणजे पत मिळणे. लोकांनी आपल्याला हारतुरे घालावेत, आपले कौतुक करावे, ही अपेक्षा मनातून काढून टाकावी. ती पत कशाने आली, ते मी आज सांगणार आहे.

मुशीच्या कडेला सोन्याचा कण चिकटून राहतो. चुलत्यांनी मला पहिली शिकवण दिली ती तो कण खरवडून गिऱ्हाइकाच्या सोन्यात घालण्याची, आणि तेही त्याच्या डोळ्यांदेखत. प्रामाणिकपणा तर हवाच, पण परक्या मुलखात तो समोरच्याला दिसावाही लागतो. तुमचा बाप कोण, आजा कोण, हे तिथे कोणाला ठाऊक नसते. इथे गावात आपल्या घराण्याच्या नावावर उधारी मिळते. तिथे आपले नाव पहिल्या दिवशी कोरे असते आणि त्यावर जे लिहायचे ते रोजच्या वागण्यानेच लिहावे लागते.

यानंतर भाषा. पहिल्या चार महिन्यांत मी तमिळ आकडे आणि कामापुरते शब्द शिकलो: ओण्णु, रेण्डु, मूणु, सोने म्हणजे तंगम, चांदी म्हणजे वेळ्ळी. एवढ्यावर धंदा चालतो, असे मला वाटले. आमच्या गल्लीत एक वृद्ध आसारी होते, म्हणजे सोनार. त्यांच्या हाताची नक्षी सगळ्या पेठेत नावाजलेली. एके सकाळी ते दुकानाच्या पायरीशी आले तेव्हा मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "वा, वा!" तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये', वडीलधाऱ्याला 'वांगा' म्हणावे लागते, म्हणजे 'या'. सोळा वर्षांच्या पोराने सत्तरीच्या माणसाला एकेरीत बोलावले होते. ते काही बोलले नाहीत, परत फिरले आणि पुढचे पंधरा दिवस त्यांचे काम शेजारच्या भट्टीवर गेले. काय चुकले, हे मला तिसऱ्या दिवशी चहावाल्याने सांगितले. मी त्यांच्या घरी गेलो, दारात चपला काढल्या आणि पाठ केलेले एकच वाक्य म्हटले: मला भाषा येत नाही, चूक झाली, शिकवा. त्यांनी मला आत बसवले, आणि त्या दिवसापासून संध्याकाळी अर्धा तास ते माझ्याशी मुद्दाम सावकाश तमिळ बोलू लागले. मला 'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ म्हणणारे त्या शहरातले ते पहिले गृहस्थ. म्हणून तरुणांना माझे सांगणे असे की परक्या भाषेतल्या वस्तूंची नावे शिकण्याआधी तिथली आदराची रूपे शिका. नाव चुकले तर लोक हसून दुरुस्त करतात, पण मान चुकला तर गप्प बसतात, आणि ते गप्प बसणे आपल्याला बरेच दिवस कळतही नाही.

बोलणे येऊ लागले तरी लिपी शिकायला मी आठ वर्षे लावली, आणि ही माझी मोठी चूक होती. बसची पाटी, वीजबिल, मुलीच्या शाळेतली सूचना या सगळ्यासाठी मी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ज्याला वाचता येत नाही तो त्या गावात कायम पाहुणाच राहतो. या बाबतीत मला काकासाहेब कालेलकरांचे उदाहरण नेहमी आठवते. आपल्या साताऱ्यात १८८५ साली जन्मलेला हा मराठी माणूस गांधीजींच्या आश्रमात गेला आणि गुजरातीत इतका मुरला की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना गुजराती लेखनासाठी मिळाला. आपल्यापैकी प्रत्येकाने ग्रंथ लिहावेत असे मी म्हणत नाही. पण मराठी माणसाला दुसऱ्या भाषेत एवढे खोल जाता येते आणि त्याने त्याची मराठी उणी होत नाही, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

दुसरा एक शब्द पहिल्या वर्षी जिभेवर येऊ देऊ नका, तो म्हणजे 'आमच्याकडे'. आमच्याकडे भाकरी असते, आमच्याकडे असे नसते, आमच्याकडची माणसे अशी नाहीत. मीही हे पुष्कळ बोललो. इडली-सांबाराचा मला कंटाळा आला होता आणि ज्वारीच्या भाकरीवाचून जीव कासावीस झाला होता. एकदा आसारींच्या घरी मी हे बोलून दाखवले, तेव्हा त्यांच्या पत्नी आत गेल्या आणि मूठभर धान्य घेऊन बाहेर आल्या. ती ज्वारी होती. तमिळमध्ये तिला चोळम म्हणतात आणि बाजरीला कंबु. कोइमतूरचा तो कोंगु मुलूख आपल्यासारखाच कोरडा. त्यांच्या माहेरी लहानपणी चोळमच खात असत, तांदळाचा भात सणावारी शिजत असे. मला माझी आजी आठवली, जिच्या घरी भात म्हणजे पाहुण्यांचे पक्वान्न होते. त्याच घरातून निघताना मी 'पोरेन', म्हणजे 'जातो' म्हणालो, तर त्या माउलीने मला थांबवले आणि 'पोयिट्टु वरेन' म्हणायला लावले, म्हणजे 'जाऊन येतो'. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे मला माझ्या आईनेही शिकवले होते. मी 'आमच्याकडे, आमच्याकडे' करीत राहिलो असतो, तर जे आमच्याकडे आहे तेच त्यांच्याकडेही आहे, हे मला कधी दिसलेच नसते.

आतापर्यंत मी पुरुषांचे सांगितले. खरे अवघड काम स्त्रियांच्या वाट्याला येते आणि त्याची नोंद कोणी घेत नाही, याचे मला दुःख आहे. आम्हाला दुकान असते, गिऱ्हाइके असतात, त्यामुळे भाषा कानावर आदळत राहते. माझी पत्नी लग्न होऊन आली ती थेट एका खोलीत, आणि तिला बोलायला दिवसभर चार भिंती होत्या. तिने वाट काढली ती उंबऱ्यावरून. पहाटे सडा घालून ती आपली शिरगोळ्याची, म्हणजे पांढऱ्या दगडाच्या भुकटीची रांगोळी काढी. समोरच्या घरातल्या आजी, पाट्टी म्हणायचो आम्ही त्यांना, काही दिवस नुसत्या पाहत होत्या. एके दिवशी त्यांनी वाटीभर तांदळाचे पीठ आणून दिले आणि खुणेने सांगितले की यानेच काढ, मुंग्यांच्या पोटात काही जाऊ दे. मग त्यांनी तिला ठिपक्यांभोवती रेघ वळवण्याचे त्यांचे कोलम शिकवले. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, तिकडे पहाटेच्या अंधारात सगळी गल्ली मोठमोठी कोलम काढते. दुसऱ्या वर्षी त्या गल्लीत आमच्या दारापुढचे कोलम पाहायला बायका थांबत होत्या, आणि त्यातल्या दोघींनी तिच्याकडून तुळशीवृंदावनाची रांगोळी शिकून घेतली. दोन वर्षांत ती माझ्यापेक्षा चांगले तमिळ बोलू लागली. मुलाला बाहेर धाडताना आपण धंद्याची चौकशी करतो. सुनेला धाडताना तिच्या दारासमोर कोण राहते, याचीही चौकशी करीत जा.

यावर कोणी विचारील की मग आपले काही राखायचे की नाही? राखायचे, आणि उघडपणे राखायचे. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू समाजाकडे पाहा. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. त्यांनी मराठी बोली घेतली, बायकांनी लुगडे घेतले, गावावरून पेणकर, दिवेकर, रोहेकर अशी आडनावे घेतली आणि तेलाचे घाणे चालवले; पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. या नावात मला फार अर्थ दिसतो. त्यांचे वेगळेपण गावाला माहीत होते, ते वेगळेपण दर आठवड्याला ठरल्या दिवशी येत होते, आणि ज्याला तेल हवे तो शुक्रवारी नेत होता. आम्ही हेच केले. गावच्या यात्रेला आम्ही दुकान बंद करून येतो; पहिल्या वर्षी न सांगता आलो, तर माघारी गेल्यावर चार गिऱ्हाइके तुटली होती. पुढच्या वर्षापासून महिनाभर आधी प्रत्येकाला सांगू लागलो, तेव्हा तीच माणसे विचारू लागली की यंदा देवाची यात्रा केव्हा, आम्हाला प्रसाद आणा.

आपल्या माणसांच्या मंडळाचाही मला आधार वाटतो. आजारपण, अडचण, परगावी झालेला मृत्यू अशा वेळी मंडळच धावून येते. मात्र दुकानावरच्या एका खोलीत आठ-दहा जणांनी राहायचे, आपसातच बोलायचे, आपसातच जेवायचे आणि पंधरा वर्षांनी म्हणायचे की इथली माणसे आपल्याला जवळ करीत नाहीत, हे न्यायाचे नाही. अन्याय होतच नाही, असे मी म्हणणार नाही. मला तीन ठिकाणी घर नाकारले गेले, केवळ परका म्हणून. ते आजही बोचते. चौथे घर मिळाले ते आसारींनी मालकाला स्वतः जाऊन सांगितले म्हणून.

आणि हे सगळे दुसऱ्या बाजूनेही पाहा. आज विट्यात यंत्रमागावर उत्तरेकडची मुले काम करतात. ती चुकत-माकत मराठी बोलतात तेव्हा आपली पोरे त्यांची नक्कल करतात, हे मी परवाच एसटी स्टँडवर पाहिले आणि मला ते सहन झाले नाही. त्यांच्यातल्या कोणी तुम्हाला 'ये' म्हटले, तर रागावून तोंड फिरवण्याआधी त्याला एकदा 'या' शिकवा. माझ्यासाठी तसे कोणी केले नसते तर मी आज तुमच्यापुढे उभा नसतो.

पुढच्या आठवड्यात आपल्या गावातली दोन मुले कोइमतूरला निघाली आहेत, असे मला अध्यक्षांनी सांगितले. त्यांच्यासाठी मी एक वही लिहून आणली आहे. तिच्यात पहिल्या पानावर तमिळ अक्षरे आहेत, दुसऱ्यावर आकडे आणि वजने, तिसऱ्यावर मोठ्यांशी बोलायची रूपे. ती वही आज इथेच घेऊन जावी, आणि गाडी सुटेपर्यंत रोज संध्याकाळी अर्धा तास माझ्या ओसरीवर येऊन बसावे.