बाजूला हो की जरा

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी. "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे मघापासून सगळ्यांनी एकमेकांना सांगून झालंय, तर मी सरळ बोलायला लागते.

आधी एक कबुली. आम्ही कोल्हापूरच्या बायका "मी आलो, मी गेलो" असंच बोलतो. पुण्याची सून घरात आल्यापासून मी जरा सांभाळून बोलायला शिकलेय, पण मध्येच एखादा "गेलो" निसटला तर खुशाल हसा. बत्तीस वर्षं कोल्हापुरात नर्स म्हणून नोकरी केली, रिटायर झाले, आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडं कॅनडात आलेय. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "काकू, देवाबद्दल काहीतरी बोला." मी म्हटलं, माझं आणि देवाचं बोलणं झालं ते बहुतेक नाइट ड्यूटीत, चालेल का? त्या चालेल म्हणाल्या. आता ऐका.

आज ३१ जानेवारी. कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या अंबाबाईचं तोंड पश्चिमेला आहे. वर्षातून दोनदा मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडपातून, चौकातून, उंबरा ओलांडून गाभाऱ्यात जातं. ३१ जानेवारीला देवीच्या पायांवर, १ फेब्रुवारीला छातीपर्यंत, २ फेब्रुवारीला तोंडावर. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला पुन्हा तसंच. याला किरणोत्सव म्हणतात. देवळातले दिवे मालवतात, माणसं श्वास धरून उभी असतात, आणि सगळा खेळ काही मिनिटांचा.

मी सात-आठ वर्षांची असताना आज्जीबरोबर गेले होते. देवी समोर दिसावी म्हणून मी बरोबर मधोमध जाऊन उभी राहिले. आज्जीनं दंडाला धरून असं ओढलं की माझं कोपर भिंतीला आपटलं. "बाजूला हो की जरा. उन्हाला वाट दे." त्या दिवशी किरणं देवीपर्यंत पोचली की नाही, मला आठवत नाही. कोपर मात्र चांगलंच आठवतं.

ऊन काही दरवेळी पोचत नाही. महाद्वार रोडवर इमारती झाल्या, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आल्या, फलक आले. मग मोजमाप होतं, अडथळे काढायची चर्चा होते, काही निघतात, काही राहतात. कधी धूळ, कधी पंचगंगेकडची दमट हवा, कधी ढग. दुसऱ्या दिवशी पेपरात क्रिकेटच्या स्कोअरसारखं येतं : किरणं कमरेपर्यंत आली, किरणं उंबऱ्याशी लुप्त झाली. पण एक बघा, किरणं पोचली नाहीत म्हणून सूर्याला कुणी नावं ठेवत नाही. आख्खं गाव एवढंच विचारतं, मध्ये काय आलं?

हे मला लहानपणी कळलं असं म्हणणार नाही. कळलं वॉर्डात, आणि तेही बऱ्याच उशिरा.

दवाखान्याचं नाव राहू दे. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड. खाटांपेक्षा पेशंट जास्त, पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त. रात्री नातेवाईक खाटेखाली, व्हरांड्यात, जिन्यात सतरंज्या टाकून झोपायचे. आम्ही राउंडला निघालो की पाय कुठं टाकायचा ते बघून टाकावा लागायचा. एका खाटेवर गगनबावड्याकडचा एक माणूस होता, धाकट्या भावाला घेऊन थोरला आलेला. शेजारच्या खाटेवर कागलकडचे एक आजोबा, त्यांच्या उशाशी त्यांची म्हातारी. पहिल्या दिवशी दोघांत बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारीचा डबा गावाकडनं आलाच नाही, एसटी चुकली म्हणे. थोरल्यानं काही न विचारता आपली भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या पुढ्यात सरकवली. ती म्हणाली, "नको बाबा, तुलाच पुरंना." हा म्हणाला, "मला अर्धीच लागती." उसाच्या तोडीला जाणारा गडी, त्याला अर्धी भाकरी लागत होती म्हणे!

पाचव्या रात्री दोनच्या सुमाराला धाकटा गेला. जे करायचं ते सगळं केलं, तरी गेला. थोरला रडला नाही, नुसता भिंतीकडं तोंड करून बसला. कागद झाले, गाडीची सोय झाली. पहाटे तो सामान आवरायला लागला. घोंगडं, तांब्या, थर्मास. खाटेच्या कपाटात चार इंजेक्शनं राहिली होती, सील न फोडलेली, महाग. बिल होतं, मेडिकलमध्ये परत केली असती तर पैसे मिळाले असते. मला माहीत होतं, त्यानं ती कशी आणली होती ते. अंगठी मोडली होती.

त्यानं ती इंजेक्शनं उचलली आणि शेजारच्या खाटेवर म्हातारीच्या हातात दिली. "ह्यास्नी लागतील."

मी तिथंच उभी होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही कुणाचं औषध कुणाला देत नाही. मी विचारून आलो. तेच औषध आजोबांना चालू होतं. तारीख बघितली, सील बघितलं, चालतंय म्हणाले. तोवर तो जिना उतरून गेला होता. मी खिडकीतनं बघितलं तर गाडीच्या मागं उभा राहून थर्मासमधला उरलेला चहा ड्रायव्हरला ओतून देत होता.

(निसटलंच बघा, "उभी होतो". राहू दे.)

त्या रात्री वॉर्डात तीन-चार जण तरी "देवा, कुठं हाईस रं?" म्हणाले असतील. रोजच म्हणतात. मी त्याचं उत्तर कधी दिलं नाही, तेवढी माझी पात्रता नाही. भाऊ गेलेल्या माणसाला मी "देव तुमच्याच रूपात होता" असलं काही म्हणाले असते तर त्यानं मला थोबाडलं असतं आणि ते योग्यच झालं असतं. देवानं भावाला वाचवायला हवं होतं, चार इंजेक्शनं वाटायला लावून काय उपयोग? एवढंच सांगते, त्या माणसाच्या आणि त्या म्हातारीच्या मध्ये त्या पहाटे काहीही उभं नव्हतं. दुःखसुद्धा आडवं आलं नाही. हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आता माझं एक भांडण आहे, ते तुमच्यापुढं मांडते.

आपल्यात पटकन म्हणतात, "देवासारखा धावून आला." नर्सला तर हे रोज ऐकावं लागतं. "सिस्टर, तुम्ही देवच आहात." आधी बरं वाटायचं. मग लक्षात यायला लागलं, देव म्हटलं की त्याला पगार वाढवून द्यावा लागत नाही. देवाला सुट्टी लागत नाही, देवाची पाठ दुखत नाही, देवाचं पोरगं घरी तापानं फणफणत नसतं. माणसाला देव केलं की माणूस म्हणून त्याचं काही देणं लागत नाही आपण.

हे मला एका पोरानं शिकवलं. २०१९ चा ऑगस्ट. आमच्याकडं पावसाळ्यात लोक एकमेकांना भेटले की तब्येत विचारत नाहीत, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट हे विचारतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोक्याची. त्या वर्षी पंचावन्नच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गाव तुटलेलं, दूध नाही, पेट्रोल नाही. आणि बघा कशी गंमत असते. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात शिरून पादुकांना लागून दक्षिणेच्या दारातनं बाहेर पडतं, तेव्हा आम्ही त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतो, त्या पाण्यात अंघोळ करायला गर्दी करतो. तेच पाणी आणखी वर चढून घराच्या उंबऱ्याला लागलं की पूर. पाणी तेच.

तर मी ड्यूटीवर दोन दिवस अडकलेली. तिसऱ्या दिवशी घरी निघाले तर रस्त्यावर छातीएवढं पाणी. तालमीतली पोरं ट्रॅक्टरची ट्यूब आणि दोर घेऊन माणसं पलीकडं नेत होती. विशीतलाच एक पोरगा, ओठ निळे पडलेले. त्यानं मला ट्यूबवर बसवलं, स्वतः पाण्यात चालत ढकलत नेलं. पलीकडं उतरल्यावर मी हात जोडले, "देवासारखा आलास रे बाळा." तो म्हणाला, "देव कसला मावशी, सकाळधरनं एक च्या बी नाही घेतला."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. मी नर्स, निळे ओठ मला दिसत होते, आणि मी हात जोडत बसले होते. मग वर एका बोळात ओळखीचं घर होतं, तिथं गेले, पातेलंभर चहा करून घेतला आणि खाली आणला. पोरं बारा-तेरा होती. खेड्यांतनं भाकऱ्यांची गाठोडी येत होती, कुणी पाठवली याचा पत्ता नाही. बाजरीच्या, ज्वारीच्या, नाचणीच्या सगळ्या एकात एक. त्या पोरानं चहात भाकरी बुडवून खाल्ली. मला देव बघायचा असला तर मी ते दोन घोट बघेन, हात जोडलेले नाही.

चहावरनं आठवलं. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या काळात एक हॉटेल काढलं, सत्यसुधारक नावाचं. राजवाड्याच्या पागेत चाकरीला असताना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मार पडला होता. महाराजांनी त्यांना धंदा काढायला सांगितलं, मदत केली. हॉटेल चांगलं, चहा चांगला, पण अस्पृश्य म्हणून कुणी फिरकेना. तेव्हा महाराज गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले, बरोबरच्या बड्या लोकांनाही पाजू लागले. ही गोष्ट आपण "महाराजांचा मोठेपणा" म्हणून सांगतो. मला त्यात वेगळंच दिसतं. पैसे देऊन राजा मोकळा झाला असता. त्यांनी गंगारामच्या हातचं घेतलं. गिऱ्हाईक झाले. देणाऱ्याचा हात वर असतो, म्हणून देणं त्या मानानं सोपं. घ्यायला मान खाली करावी लागते.

हे मी पुस्तकी बोलत नाही. चार वर्षांपूर्वी माझा उजवा हात मोडला, तेव्हा शेजारणीनं तीन आठवडे माझी वेणी घातली. बत्तीस वर्षं मी परक्यांची अंगं पुसली, बेडपॅन काढले, कधी जड गेलं नाही. पण तिच्यापुढं मान वाकवून बसताना पहिले दोन दिवस माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "ताठ काय बसलाईसा, ढिली सोडा की मान." मग सोडली.

इथलं सांगते आणि थांबते.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी दार उघडलं तर आमच्या दारापासून गाडीपर्यंतची वाट लख्ख, कुणीतरी झाडून सडा घातल्यासारखी. मुलगा म्हणाला, शेजारचे आजोबा करतात, नेहमीच. मी खिडकीशी बसून राहिले दुसऱ्या दिवशी. पंचाहत्तरीचे असतील. दोन फावडी बर्फ उचलला की कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, पुन्हा उचलायचे. मी म्हटलं, हे काही देवाचं काम नाही, ही स्पाँडिलायटिसची पाठ आहे. तिसऱ्या दिवशी पोराला पाचलाच उठवलं. आधी त्यांच्या दारातलं काढ, मग आपलं. कुरकुरत गेला, पण गेला.

संक्रांतीला स्टीलच्या डब्यात तिळाच्या वड्या घालून त्यांना दिल्या. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना. त्यांनी एक वडी तिथंच दारात खाल्ली आणि अंगठा वर केला. आता आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत द्यायची रीत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. इथं कुणाला काय माहीत, म्हणून मी काही आशा ठेवली नव्हती. चार दिवसांनी डबा आला, आत त्यांनी स्वतः भाजलेली बिस्किटं, थोडी करपलेली. त्यांची आज्जी कुठल्या गावची होती कोण जाणे, पण रिकामा डबा द्यायचा नाही हे तिनंही कान धरून शिकवलेलं दिसतंय.

डबा आता आमच्याकडं आहे. सून विचारत होती, यात काय घालायचं. मी भडंग म्हणाले. पण जयसिंगपूरहून आणलेलं भडंग मुठभर राहिलंय, तेवढ्यानं डब्याचं बूडही झाकत नाही. तर पुढच्या महिन्यात गावाकडनं कुणी येणार असेल, तर जाताना मला भेटा.