आश्विनातली घोडी

मंडळी, भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, हे कोडं आपण सगळ्यांनी लहानपणी सोडवलंय. फिरवलं नाही म्हणून. माझी घोडी मात्र फिरवली नाही की अडत नाही, उधळते. पावसाळ्याचे चार महिने बांधून राहिलेलं असं पाणीदार जनावर ऑक्टोबरात रानवाटेवर कसं न्यायचं, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे.

ती काठेवाडी आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात आणि ते कान क्षणभर स्वस्थ नसतात. आम्ही पुरंदर तालुक्यात राहतो. पावसात वाटांचा चिखल होतो, त्यामुळे तिचं फिरणं अंगणापुरतं. चारा मात्र हिरवागार, हवा तेवढा. दसऱ्याला आम्ही तिला धुऊन झेंडूची माळ घालतो, तेव्हा तिच्या कातडीखाली काहीतरी उसळत असल्यासारखं वाटतं. मराठ्यांच्या फौजाही पावसाळा छावणीत काढून दसऱ्यालाच मोहिमेवर निघत. नद्या उतरलेल्या, वाटा वाळलेल्या, घोड्यांना रानात गवत उभं. ज्या महिन्याचं नावच अश्विनी नक्षत्रावरून पडलंय, त्यात घोड्याला चैन पडू नये यात नवल नाही.

पहिल्या वर्षी मला अनेकांनी सांगितलं, "भरपूर पळवा, दमली की शांत होईल." मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या उतारावर गवतातून लाव्यांचा थवा भुर्रकन उठला, ती बुजली, मी घाबरून दोन्ही हातांनी लगाम खेचला आणि पुढच्याच क्षणी कुसळांत पडले होते. डोक्याला हेल्मेट होतं, म्हणून खांद्यावर निभावलं. घोडी तीन किलोमीटर रिकामं खोगीर घेऊन घरी पळाली. तिचा त्यात काही दोष नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

रोज पळवलेलं घोडं दमत नाही, ते आणखी तयार होतं. शिवाय रान म्हणजे पळायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. आता मी पहिला आठवडा तिच्यावर बसतच नाही. हातात काढणी धरून तिच्या बरोबरीनं चालते. चार महिन्यांच्या ओलीनं खूर मऊ झालेले असतात, मुरमाचे खडे टोचतात, तंगाखालची, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याखालची, कातडीही हळवी झालेली असते. नालबंदाला मी सप्टेंबरअखेरीलाच बोलावून घेते. दाणा मात्र काम वाढेल तसाच वाढवायचा, आधी नाही.

दुसऱ्या आठवड्यात स्वारी, तीही पहाटे सहाला, कारण ऑक्टोबरचं ऊन दहानंतर सोसत नाही. तिचा जोर मी दाबत नाही, त्याला काम देते. बाभळीला वळसा घाल, बांधाच्या कडेनं तिरकी चाल, दहा पावलं चाल मग दहा पावलं दुडकी, मग थांब. पायांना विचार करावा लागला की डोकं आपोआप खाली येतं. दोन्ही बाजूंनी लगाम ताणला, तर तिला जोर लावायला भिंतच मिळते. त्याऐवजी एकाच बाजूची बाग, म्हणजे लगामाची दोरी, हळूहळू मागे आणायची. मान वळली की मागचा पाय बाजूला पडतो आणि वेग मोडतो. हे मोकळ्या मैदानात शंभरदा घोटून घ्या. प्रसंग आल्यावर शिकता येत नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. नाकासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं मात्र नाही. उन्हातून सावलीत शिरताना त्याची नजर सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून आमराईच्या तोंडाशी ती थबकली की मी टाच मारत नाही. मी श्वास सोडते, मांड सैल करते, तिला बघू देते. ती फुरफुरते आणि पाऊल टाकते. कुरडूच्या गुलाबी तुऱ्यांनी भरलेलं रान समोर उघडतं, वर टिटवी ओरडत असते. मला यासाठीच घोडी पाळावीशी वाटली होती.

परतल्यावर जबड्याखालची नाडी बघा. विश्रांतीत ती मिनिटाला साधारण 28 ते 44 असते. पंधरा मिनिटांनीही साठीच्या वरच रेंगाळली, तर फेरी जास्त झाली. घोड्याच्या घामातून मीठ फार जातं, म्हणून गव्हाणीत मिठाचा खडा हवाच. आणि तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, हा समज कृपा करून सोडा. पाजा.

दिवाळीच्या सुमाराला धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तांडे, कोकणाकडे निघतात. गेल्या वर्षी आम्हाला वाटेत एक वाडा भेटला. पुढे मेंढ्या, मागे पाच बुटकी तट्टं, पाठीवर भांडी, घोंगड्या, कोंबड्या, एकावर नुकतं जन्मलेलं कोकरू. माझी घोडी खिंकाळली, नाचली. एकाही तट्टानं मान वळवली नाही. ती आपली एका तालात चालत राहिली. मी त्यांच्या म्होरक्या आजोबांना विचारलं, मागून आले तर चालेल का? त्यांनी नुसता हात हलवला. थोड्या वेळानं माझ्या घोडीची मान खाली आली, पावलं त्या तट्टांच्या पावलांशी जुळली. मी बाग तिच्या आयाळीवर सोडून दिली, आणि ओढा येईपर्यंत आम्ही त्यांच्या मागे मागे गेलो.