‘बेन-हर’ची शर्यत कान देऊन ऐका

श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन रोमवरच्या भव्य चित्रपटांचा विषय निघाला की गप्पा लगेच सेट केवढा, माणसं किती, खर्च किती यावर जातात. आपण आज रेडिओवर भेटतोय, तर या चित्रपटांच्या आवाजाबद्दल बोलू या. माझ्या अतिशय आवडीचा चित्रपट घेतो: १९५९ चा, विल्यम वायलर यांचा ‘बेन-हर’.

काळ रोमच्या अमलाखालच्या जेरुसलेमचा. ज्यूडा बेन-हर आणि त्याला गुलामीत ढकलणारा त्याचा बालमित्र मेसाला रथांच्या शर्यतीत समोरासमोर येतात. शर्यतीआधी सगळे रथ मैदानाला संथ फेरी घालतात. तिथे मिक्लोश रोझा यांचं संगीत ऐन भरात असतं, तुताऱ्यांनी अंगावर काटा येतो. मग शर्यत सुटते आणि पुढची जवळजवळ नऊ मिनिटं एकही वाद्य वाजत नाही! या चित्रपटाच्या ११ ऑस्करांपैकी एक संगीताला मिळालंय, आणि त्यातल्या सर्वांत थरारक प्रसंगात संगीतच नाही. केवढा हा आत्मविश्वास!

मग ऐकू काय येतं? टापा, चाकांचा खडखडाट, गर्दीचा गलका. मेसालाच्या चाकांना पाती बसवलेली आहेत. ती शेजारच्या रथाच्या आऱ्यांना भिडतात तेव्हा लाकूड कातरल्याचा जो आवाज येतो, तो ऐकताना दात आवळले जातात. मेसालाचा चाबूक सारखा कडाडत असतो. ज्यूडाच्या हातात मात्र फक्त लगाम. त्याचे चार पांढरे घोडे त्याला आधीच ओळखतात. तंबूत त्यांच्याशी बोलून, कोणी कुठे धावायचं हे त्यानं ठरवलेलं असतं. त्या चौघांची नावंही ताऱ्यांची आहेत. शर्यतीत मी त्यांनाच बघत राहतो.

हे सगळं रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत खऱ्या घोड्यांवर चित्रित झालं. शर्यतीची आखणी याकिमा कनट यांची. मोडक्या रथावरून ज्यूडाचा रथ उसळतो तेव्हा आत ज्यूडाची भूमिका करणाऱ्या चार्लटन हेस्टनऐवजी कनट यांचाच मुलगा, जो कनट, होता. तो पुढच्या बाजूनं बाहेर फेकला गेला, रथाला धरून राहिला आणि हनुवटीवरच्या जखमेवर निभावलं. तो शॉट तसाच ठेवला आणि हेस्टन पुन्हा वर चढतानाचा तुकडा त्याला जोडला.

२००० सालचा ‘ग्लॅडिएटर’ही मला मनापासून आवडतो. रसेल क्रो शिरस्त्राण काढून स्वतःचं नाव सांगतो तो क्षण तर कितीदाही पाहावा. पण त्यातल्या झुंजी पाहताना वाटतं, इथे वाद्यं जरा थांबायला हवी होती.

‘बेन-हर’ साडेतीन तासांचा आहे, शर्यत मध्यंतरानंतर येते. मुलांना दाखवणार असाल तर मोबाइलवर नको. जमेल तेवढा मोठा पडदा घ्या, स्पीकर चांगला लावा, आणि शर्यत चालू असताना कोणाला बोलू देऊ नका. नमस्कार.